पाचवा रंग

सँडवाइक,
ता. ९ फेब्रुवारी २००६

चि. हेटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून तू आधी माझी तब्येत विचारशील. तब्येत ठीक आहे. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून धाकट्या बहिणीला पत्र लिहायची वेळ आली.

यंदा समुद्राने आमच्या इथला कडा खाऊन पार आत आणून ठेवलाय. पुढच्या रांगेतली चाकांवरची घरं, आमच्या कॅरॅव्हानीसकट, ईस्टरनंतर मागच्या शेतात हलवा, नाहीतर भंगारात द्या, असं जागेच्या मालकाने कळवलंय. मी भंगारवाल्याचा नंबर घेऊन ठेवलाय. तुझी नोरीनवहिनी गेल्यापासून मी आत पाऊल टाकलेलं नाही. किल्ली शेजारच्या कावुडबाईंकडे असते. त्या खिडक्या उघडतात, जळमटं काढतात आणि मला टोमणे मारतात.

पण देण्याआधी एकदा तिथे झोपून बघावं असं मनात आहे. घरच्या पलंगावर मला दोन वर्षांत धड झोप नाही. तिथे समुद्र अगदी अंगाखाली वाजतो, छपरावर समुद्रपक्षी नखं वाजवत फिरतात, आणि डोळे मिटताना शेवटचं काही दिसतं तर ते बाकाच्या गाद्यांवरचं कापड. निळे पक्षी, राखाडी गवत. पेंग आली की ते गवत हलायला लागायचं. आता ते इतकं विरलंय की बोट लावलं तरी फाटतं म्हणे. तू लोकांच्या जुन्या कॅरॅव्हानींची कापडं पुन्हा छापून देतेस, तसं हेही दे. झोप लागली तर कॅरॅव्हान ठेवीन, नाही लागली तर देऊन टाकीन. मग पुन्हा तो विषय काढू नकोस.

बहिणीची माया आहेच, ती या म्हाताऱ्यावर तशीच असू द्यावी.

तुझा,
विल्फदादा


ॲक्रिंग्टन,
ता. ६ मार्च २००६

ती. विल्फदादास,
सा. न. वि. वि.

कावुडबाईंनी पाठवलेले फोटो आणि शिलाईच्या आत दुमडलेली पट्टी मिळाली. त्या पट्टीला बेचाळीस वर्षांत ऊन लागलेलं नाही. तो निळा बघून मी खुर्चीतच बसले. तू ज्याला निळा म्हणतोस तो धुवट राखाडी आहे, दादा. खरा निळा असा आहे की, जीभ लावून बघावीशी वाटते.

कारखान्यात कापड वाचवायला गाद्या कशाही बेततात, त्यामुळे सबंध नक्षी एका गादीवर कधीच नसते. मी फोटोंचे तुकडे जमिनीवर जुळवत रांगत असते. पक्ष्याचं डोकं एका गादीवर, शेपटी दुसरीवर. गवताचा एक कोपरा तर फक्त दारासमोरच्या गादीवर आहे, बाकी ठिकाणी तो शिलाईत गेलाय. त्याच कोपऱ्यात एक इवलंसं पिवळं फूल सापडलं! निळा, राखाडी, विटकरी, काळा हे चार रंग, आणि या फुलासाठी पाचवा. एकेका रंगाला छपाईची वेगळी जाळी लागते, पण मी फुलासाठीही केली. झोपले तरी हल्ली डोळ्यांपुढे तेच शेत असतं. मी त्यातून चालते आणि कुठे पोचत नाही, आणि पोचायची घाईही नसते.

वहिनींची फार आठवण येते. त्या असत्या तर तुला भंगारवाल्याचा नंबर घेऊ दिला नसता. कापड महिनाअखेर येईल. तोवर कुठे फोनबिन करू नकोस.

आशीर्वाद असावा, आणि अधूनमधून चार ओळीही असाव्यात.

तुझी,
हेटी


सँडवाइक,
ता. ११ एप्रिल २००६

चि. हेटीस,
अनेक आशीर्वाद.

कापड पोचलं. कावुडबाईंनी खोळी शिवल्या आणि माझ्या हाताला धरून मला आत नेलं. रंग बघून त्या म्हणाल्या की, यांच्यापुढे आपण दोघं फारच उडालेले दिसतो.

काम तू नामी केलंस, त्यात शंका नाही. पण मला झोप लागली नाही. उजेड असेतो पडून राहिलो आणि उठून घरी आलो. काय खुपलं ते नीट सांगता येत नाही. ते पिवळं फूल नोरीनच्या कोपऱ्यात असायचं. ती दारासमोर बसायची, मटार सोलायची, आणि फूल तिच्या मांडीशी असायचं. आता ते सगळीकडे आहे. जिथे बघावं तिथे ती नुकतीच उठून गेल्यासारखी वाटते. नक्षीच तशी असेल तर तू तरी काय करणार?

ईस्टर आलाच. भंगारवाल्याला सोमवारी कळवीन म्हणतो. तू मनाला लावून घेऊ नकोस.

तुझ्या कष्टांची जाण आहे. राग मानू नये, ही विनंती.

तुझा,
विल्फदादा


ॲक्रिंग्टन,
ता. १३ एप्रिल २००६

ती. विल्फदादास,
सा. न. वि. वि.

सोमवारी कुणालाही काहीही कळवायचं नाही. आधी हे वाच.

नॉरफकच्या ऑलविनबाईंकडे तुझ्यासारखीच कॅरॅव्हान आहे. तुझं उरलेलं कापड मी त्यांना पाठवलं होतं. आज त्यांनी त्यांचा जुना पडदा पाठवलाय. सबंध आहे, कुठेही कापलेला नाही. त्यात पक्षी आहेत, गवत आहे, तो कोपराही आहे. फूल नाही. चिठ्ठीत विचारतात की, हे पिवळं काय उगवलंय?

दादा, माझी अक्कल कुठे चरायला गेली होती? एवढ्याशा फुलासाठी कुठलाही कारखाना पाचवा रंग घालणार नाही. इतकी वर्षं या धंद्यात घालवून मला हे कळू नये! ते फूल छापलेलं नसणार. मला वाटतं, ते वहिनींनी सुईदोऱ्याने भरलंय. जुन्या खोळी टाकल्या नसशील तर ती दारासमोरची उलटी करून बघ आणि लगेच कळव.

तसं असेल तर मी नकळत वहिनींचं फूल सगळीकडे पेरून ठेवलंय. ऑलविनबाईंना मी बिनफुलाचं छापून देईनच, पण तुझ्या गाद्यांवर ते राहू दे. त्यांच्या हातचं आहे. आता तरी तुला त्यांच्या सोबतीत झोप लागेल.

चुकीची क्षमा असावी. उत्तराची वाट बघते.

तुझी,
हेटी


सँडवाइक,
ता. १८ एप्रिल २००६

चि. हेटीस,
अनेक आशीर्वाद.

खोळी कावुडबाईंच्या पडवीत पिशवीत होत्या. उलटी केली. तुझं खरं आहे. आतून गाठ आहे, आणि दोऱ्याचं टोक तिने नेहमीसारखं लांब ठेवलंय. फुलाखाली भोक आहे. माझ्या पाइपची ठिणगी असेल, नाहीतर स्टोव्हची. तिने मला कधी सांगितलं नाही, आणि मीही इतकी वर्षं त्या फुलाकडे बघून ते कारखान्याचंच समजत होतो. पिशवी मांडीवर घेऊन मी खूप रडलो. कावुडबाई चहा ठेवून आत गेल्या.

आता एक काम कर. मलाही बिनफुलाचंच कापड छापून दे. कॅरॅव्हान तोवर मागच्या शेतात नेऊन ठेवायला सांगितलंय. भंगाराचं मग बघू.

तुला त्रास देतोय. पाठचा भाऊ नाही, पुढचा आहे, म्हणून सोसावं.

तुझा,
विल्फदादा


ॲक्रिंग्टन,
ता. ८ मे २००६

ती. विल्फदादास,
सा. न. वि. वि.

कापड सोबत आहे, आणि माझं भांडणही. तू सांगितलंस म्हणून फुलाची पाचवी जाळी धुऊन कोरी केली. वहिनींचं एवढंसं काम उरलं होतं, तेही तुला नको? मला राग आलाय आणि तो लपवायची माझी इच्छा नाही. झोप लागली की नाही एवढं तरी कळव.

रागावले तरी माया आटत नाही, हे तुला ठाऊक असावं.

तुझी,
हेटी


सँडवाइक,
ता. २२ मे २००६

चि. हेटीस,
अनेक आशीर्वाद.

झोप लागली. कावुडबाईंनी दार वाजवलं तेव्हा ऊन बाकाच्या निम्म्यावर आलं होतं. मी मेलोबिलो की काय म्हणून त्या बघायला आल्या होत्या. जागेच्या मालकाला सांगून टाकलंय की, कॅरॅव्हान कुठेही जात नाही.

आता तुझ्या रागाचं. तिच्या हातचं फूल मी जपून ठेवलंय. ते एकच आहे आणि एकच राहू दे.

नवं कापड घालून आडवा झालो. वारा होता, दार उघडंच ठेवलं होतं. तो जीभ लावावासा निळा मी आधी बघितलाय, हेटी. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा या कॅरॅव्हानीत शिरलो तेव्हा तो असाच होता. नोरीन दारात उभी राहून म्हणाली होती की, इतक्या नव्यावर बसायचं तरी कसं! तेव्हा ते फूल कुठे होतं? ठिणगी पडलेली नव्हती, भोक नव्हतं, आमच्यात अजून काहीच घडलेलं नव्हतं. मी डोळे मिटले तेव्हा गवत हलायला लागलं, आणि ती दारातच उभी होती, बसावं की नाही याचा विचार करत.

तुझी माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
विल्फदादा