त्रेचाळीस माणसं, त्रेचाळीस बॅगा

१२ फेब्रुवारी, मंगळवार. क्लातेन, जावा.
घरी पोचलो. मक्का-मदिनेची उमरा यात्रा एकंदरीत वेळेनुसार पार पडली. पत्नी मूर्तिनी सहा तारखेला पहाटे मदिनेच्या हॉटेलात झोपेतच गेली. दुपारी तिथेच दफन झालं. असं मरण नशिबाने मिळतं, सगळेच म्हणतात. मीही म्हणतो. एवढं सोडलं तर ठरलेल्या कार्यक्रमात एका तासाचाही बदल झाला नाही. गटप्रमुख म्हणून समाधानी आहे.

एकच काम राहिलं. सोलोच्या विमानतळावर तिची बॅग पट्ट्यावर आली नाही. यात्रा एजन्सीने सगळ्यांना एकसारख्या हिरव्या बॅगा दिलेल्या. पण मोजणी माझ्याकडे होती. मदिना सोडताना त्रेचाळीस माणसं, त्रेचाळीस बॅगा. सोलोला उतरल्यावरही त्रेचाळीस आणि त्रेचाळीस. दोन्ही वेळा चोख. म्हणजे चूक विमान कंपनीची. प्रवास विमा आहेच. उद्यापासून पाठपुरावा.

१३ फेब्रुवारी, सकाळी ७.
संकल्प. १७ मार्चला चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना. त्याच्या आत बॅग घरात आली पाहिजे. शेजारच्या बायकांना सांगूनही टाकलं की मूर्तिनीची बॅग समोर ठेवून प्रार्थना होईल आणि तिच्या वस्तू तिच्या मैत्रिणींना देऊ. बायका रडल्या. बायका रडतात.

दुपारी सेमारांगहून मुलीचा, नार्सीहचा फोन. म्हणाली, आईची कबर समुद्रापलीकडे राहिली, निदान बॅग तरी घरी येऊ दे. मी म्हटलं, हा भावनेचा प्रश्न नाही, पद्धतीचा आहे. तिचा फोन कट झाला. लाइन खराब असावी.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार.
क्लेमचा फॉर्म आला. पान दोनवर 'हरवलेल्या बॅगेतील वस्तूंची यादी'. लोकांना म्हणे इथेच घाम फुटतो. मला वीस मिनिटं लागली. चौतीस वर्षांचा संसार आहे, बघून लिहायची गरज काय?

लिहिलं: प्रार्थनेचे पांढरे झगे दोन. अंगातले कपडे, सर्व गडद रंगाचे. चपला ३७ नंबर (दर ईदला मीच आणतो). कमी मिठाची बिस्किटं. जपमाळ. मोठ्या अक्षरांचं कुराण. औषधं नाहीत, कारण ती माझ्या पिशवीत असतात, ती विसरते.

नार्सीहला फोनवर वाचून दाखवलं. विचारते, "बापाक, आई बॅग भरत होती तेव्हा तुम्ही खोलीत होता का?" म्हटलं, मी गटाची हजेरीपत्रकं करत होतो. म्हणे, "हं." या मुलीला बँकेत काय शिकवतात कोण जाणे.

२० फेब्रुवारी, बुधवार.
विमा कंपनीत माझं प्रकरण यूलिका नावाच्या मुलीकडे आहे. वय पंचवीसच्या आसपास. आवाज इतका मऊ, की ही क्लेम कसले मंजूर करणार! तिला बॅगेच्या टॅगची पावती हवी. मी सगळ्या गटाच्या पावत्या पाठवल्या, क्रमाने लावून, कडेला पंच करून. माझी फाइल कार्यालयात सर्वांना दाखवतील.

२२ फेब्रुवारी, सकाळी ११.
यूलिकाचा फोन. मला अदबीने पाक म्हणते. विचारलं, "पाक, गटात एकूण किती जण गेले होते?"
चव्वेचाळीस, मी म्हटलं.
"आणि पावत्या त्रेचाळीस आहेत."
बरोबर. त्रेचाळीस माणसं होती. जुळतं.
तिने पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "पाक, बॅग विमानात गेलीच नाही. माणसं मोजून तेवढ्याच बॅगा घेतल्या गेल्या."

इथे आवाज तुटायला लागला. मी फोन ठेवला.

दुपारी ४. विचार केला. तिचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या मांडता येईल. पण मोजणीची पद्धत चूक नव्हती. आकडा होता तोच होता. मक्केला बायकांच्या खोल्या वेगळ्या, तेव्हा बॅग बायकांनी वर नेली असणार, हे मी धरून चाललो. बायकांनी धरलं, ती माझ्याकडे. यात मी एकटा कुठे येतो?

२३ फेब्रुवारी.
नूडल्सवाल्या जुमादीच्या गाडीवर खायला गेलो. तो आणि त्याची बायको आमच्याच गटात होते. बायको मूर्तिनीच्या खोलीत होती. त्याच्याकडे काल यूलिकाने विचारपूस केली म्हणे. वाटी पुढे करत म्हणतो, "पाक गुरू, शाळेत हजेरी घेताना पोरगं गैरहजर असलं की त्याचं दप्तरपण बाहेर टाकायचात का हो?"

गाडीवरचे दोघे हसले. जुमादीची बायको हसली नाही. तिने त्याच्या हातातून झारा काढून घेतला आणि म्हणाली, "गप, मेल्या." मला जास्तीचं अंडं घातलं.

यापुढे तिकडे जाणार नाही. तिखट असतं.

१ मार्च, शुक्रवार.
विजय! मदिनेच्या हॉटेलने एजन्सीला कळवलं: आमच्या गटाची बॅग लॉबीतल्या सामानखोलीत आहे. पुढच्या गटाबरोबर सोलोला येतेय. म्हणजे बॅग हरवलेलीच नव्हती. म्हणजे मी ती हरवली नव्हती. हे यूलिकाला लेखी कळवलं.

मात्र एक अडचण. त्या खोलीत तशा हिरव्या बॅगा चार निघाल्या, वेगवेगळ्या गटांच्या. नावाचे पुठ्ठे सगळ्यांचे फाटलेले. चारही येतील. ज्याने त्याने वस्तू पाहून ओळखायच्या.

यात अडचण ती काय? माझी यादी तयार आहे.

५ मार्च, मंगळवार.
सोलो. एजन्सीचं कार्यालय. टेबलावर चार हिरव्या बॅगा, पलीकडे यूलिका. तिने हातमोजे घातले होते. मी यादीच्या दोन प्रती नेल्या होत्या.

पहिली बॅग कुणा पुरुषाची. दाढीचं सामान. दुसरीत लहान मुलीचे फ्रॉक.

तिसरी उघडली तेव्हा वरच पिवळा ब्लाउज. लिंबासारखा पिवळा, किमतीची चिठ्ठी अजून लटकलेली. त्याखाली झणझणीत सांबाल चटणीच्या दोन बाटल्या. आमच्या घरात माझ्या पोटामुळे वीस वर्षं मिरची शिजलेली नाही. झटपट कॉफीच्या पुड्या, डझनभर. मूर्तिनी कॉफी पीत नाही. चपला ३९ नंबर. बटणाएवढे छोटे सेल, सहाचं पाकीट. घड्याळाचे असावेत, मूर्तिनीला घड्याळ नव्हतं. पांढरे झगे होते दोन, पण ते सगळ्यांकडेच असतात.

यूलिका म्हणाली, "नीट बघा पाक. घाई नाही."
मी म्हटलं, बाई, हे कुणा हौशी बाईचं सामान आहे.

चौथी बॅग जवळजवळ रिकामी. तीही नाही.

मी लिहून दिलं: 'चारही बॅगा पाहिल्या. यातली एकही माझ्या पत्नीची नाही. माझी पक्की खात्री आहे.' सही ठसठशीत केली. आता क्लेम अडवायला त्यांच्याकडे कारण उरलं नाही. उलटतपासणीत मी कुठेही डगमगलो नाही.

बाहेर येऊन बसलो. यूलिका पाणी घेऊन आली. मी मागितलं नव्हतं.

९ मार्च, शनिवार.
नार्सीह आली. जेवताना तिला चारही बॅगांचा किस्सा सांगितला. त्या हौशी बाईचाही. सांबाल, कॉफी, पिवळा ब्लाउज.

नार्सीहने चमचा खाली ठेवला. म्हणाली, "सेल कसले होते?"
बटणासारखे, मी म्हटलं.
तिने पर्समधून रुमालाची पुडी काढली. आत कानाचं मशीन. छोटं, कातडीच्या रंगाचं. म्हणाली, "दोन वर्षं लावत होती, बापाक. स्कार्फच्या आत. मीच घेऊन दिलं. दफनाआधी अंघोळ घालताना बायकांनी काढलं आणि जुमादीकाकूंनी मला आणून दिलं."

मी विचारलं, मला का नाही दिलं?
ती म्हणाली, "कारण तुम्ही विचारलं असतंत, हे काय आहे."

मग उठून ताटं धुवायला गेली. मीही गेलो. म्हटलं, ३९ नंबरच्या चपला होत्या. पाठमोरीच म्हणाली, "हो. तुमच्या ३७च्या आम्ही दरवर्षी दुकानात बदलून आणायचो."

१० मार्च.
दिवसभर यादी नव्याने लिहिली. स्वच्छ अक्षरात. यावेळी अचूक आहे.

११ मार्च, सोमवार.
सोलो. यूलिकाने नवी यादी वाचली. दोनदा वाचली. मग म्हणाली, "पाक, ही तर तुम्ही बॅग बघून झाल्यावर लिहिलीत. आणि आधी सही करून नाही म्हणालात. मी कशी देऊ?"

मी नियम दाखवायला लागलो. तिने मध्येच थांबवलं, पण उद्धटपणे नाही. म्हणाली, "आतला चेनचा कप्पा त्या दिवशी मी तुमच्यासमोर उघडला नव्हता. त्यात काय आहे? एकच वस्तू सांगा. बरोबर आली तर आत्ता बॅग घेऊन जा."

विचार करायला तिने वेळ दिला. पंखा फिरत होता.

जपमाळ, मी म्हटलं. तिने मान हलवली.
नार्सीहचा लहानपणीचा फोटो. नाही.
माझा फोटो, मी म्हटलं. तिने खाली बघितलं.

"अजून एकदा," ती म्हणाली. नियमात बसत नसतानाही म्हणाली.

मी तिला नार्सीहचा नंबर दिला. तिने स्पीकरवर लावला. नार्सीहने विचारही केला नाही. "संत्र्याच्या वाळवलेल्या साली. बसमध्ये, विमानात तिला मळमळायचं. हुंगत बसायची."

यूलिकाने चेन उघडली. संत्र्याचा वास सगळ्या खोलीत पसरला.

जाताना विमानतळाहून मदिनेला बसने पाच-सहा तास लागले. तिच्या शेजारच्या सीटवर मी बसणार होतो. गटप्रमुखाची जागा पुढे, ड्रायव्हरजवळ, असं कोणीतरी म्हणालं. बहुतेक मीच.

१३ मार्च, बुधवार.
बॅग मिळाली. कागदावर 'ताब्यात घेणार: मुलगी' असं आहे. माझी सही चालली नाही. क्लेम बंद, कारण वस्तू सापडली. पत्रात सहकार्याबद्दल आभार मानले आहेत. फाइलला लावलं.

एकूण पाहता संकल्प चार दिवस आधीच पूर्ण झाला.

१७ मार्च, रविवार. चाळिसावा.
प्रार्थना ठरल्या वेळी झाली. बॅग मध्ये ठेवली होती. नंतर नार्सीहने उघडली आणि बायकांना म्हणाली, ज्याचं जे असेल ते घ्या.

मला वाटलं, गोंधळ होईल. रांग लावायला उठलो. पण गरज पडली नाही.

जुमादीची बायको सरळ सांबालच्या बाटल्यांकडे गेली. म्हणाली, "ही माझीच पाककृती. रोज दुपारी माझ्याकडे येऊन भाताशी खायची, डोळ्यांतून पाणी काढत." शेजारच्या शिंपीणबाईने पिवळा ब्लाउज उचलला: "मक्केला पोचल्यावर घालीन म्हणाली होती. घाबरत होती." कुणाला, ते तिने सांगितलं नाही. कॉफीच्या पुड्या तिघींनी वाटून घेतल्या. दहा वाजताची कॉफी त्या चौघी प्यायच्या म्हणे, आमच्याच मागच्या ओट्यावर. दहा वाजता मी पुढच्या खोलीत वर्तमानपत्र वाचतो. कधी आवाज आला नाही. चपला जिला आल्या, तिने नेल्या. झगे मशिदीला. साली नार्सीहने घेतल्या, कुणालाही न विचारता.

सगळ्यांना माहीत होतं, काय मागायचं ते.

मग नार्सीह माझ्याकडे वळली. "बापाक, तुम्हाला आईचं काय हवं?"

बायका थांबल्या. मला एकच गोष्ट आठवायची होती.

मी म्हटलं, उरेल ते.

बॅग उरली. चाकं अजून चांगली आहेत.