दादा, टायर तुझ्यामुळे झिजले नव्हते

प्रिय दादा,

तीर्थस्वरूप वगैरे लिहून, साष्टांग नमस्कार घालून सुरुवात केली असती तर तू म्हणाला असतास, "वश्या, काय हवंय ते आधी सांग." म्हणून सरळच लिहितो. आज सोमवार, गाडीला सुट्टी. सकाळी मी पुढची दोन्ही चाकं उतरवली, अंगणात आडवी टाकली आणि टायरवरून तळहात फिरवला. आतली कड, मधला भाग, बाहेरची कड. सगळीकडे नक्षी सारखीच! तीन महिने झाले हे नवे टायर घालून. रोज अलिबागहून रेवस बंदर आणि परत, तोच खडीचा रस्ता, तेवढीच माणसं. आणि कडा दोन्हीकडे सारख्या.

म्हणजे आता शंकेला जागा उरली नाही. टायर खात होती ती माझी कारागिरी, तुझा हात नव्हे. मी वहिनीला शब्द दिला होता, की खात्री पटली की जिथे तुला बोललो तिथेच, चार लोकांत उभा राहून हे सांगेन. खात्री पटली. आणि आता तोंड उघडत नाही. म्हणून आधी तुला लिहितोय.

गाडी घरी आली तो दिवस आठवतो? किहीमच्या बंगल्यातल्या शेठजींनी नवी घेतली आणि जुनी आपल्याला दिली. कापडी टप, रबरी भोंगा, आणि उंच तर एवढी की चढताना लुगडं सावरू की हातातलं बोचकं, असं बायकांचं व्हायचं. तोवर तू बैलगाडी हाकत होतास. शेठजींच्या ड्रायव्हरकडून महिनाभरात मोटार शिकलास, पण ब्रेक दाबताना तोंडाने "हो, हो, हो" करायचं काही सुटलं नाही! चोंढीच्या वळणावर मागची सगळी माणसं तुझ्याबरोबर "हो, हो" करायची आणि गाडी थांबली की खो-खो हसायची. मी मुकाट्याने ब्रेक दाबतो. परवा एक म्हातारेबुवा म्हणाले, "वसंता, तुझी गाडी थांबली तरी थांबल्यासारखी वाटत नाही रे."

मी तेव्हा गिरगावातल्या एका गॅरेजात दोन वर्षं काढून परत आलो होतो. काय ती माझी ऐट! खाकी कोट, खिशात पाना, आणि तोंडात सदा "आमच्या मुंबईला." तिकडे साहेबलोकांच्या बसक्या गाड्या पाहिल्या होत्या. आपलीही तशीच करायची, हे माझ्या डोक्यात बसलं. वळणावर डुलणार नाही, बायकांना चढायला सोपी पडेल, अशी शंभर कारणं तुला दिली. खरं कारण एकच होतं, मला ती तशी छान दिसणार होती. गाडीखालच्या कमानींतले दोन-दोन लोखंडी पाटे काढले आणि गाडी चांगली चार बोटं खाली आली. तू भोवती एक फेरी मारलीस आणि विचारलंस, "वश्या, हिचे पाय कुठे गेले?"

गावाने तिचं नाव बदक ठेवलं. दोन दिवस तू माझ्यासाठी लोकांशी भांडलास. तिसऱ्या दिवशी तूच भोंगा वाजवून ओरडलास, "चला, बदक सुटलं रेवसला!"

कमानी सोडल्या की पुढची चाकं पुन्हा लाईनीत लावावी लागतात. दोन चाकांमधलं अंतर मागच्या बाजूपेक्षा पुढच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढं कमी हवं, हे मी गॅरेजात शिकलो होतो. त्यासाठी जमीन सपाट हवी. आपल्या वाडीत नारळाच्या आळ्यांशिवाय आहे काय? म्हणून ओहोटी बघून आपण गाडी किनाऱ्यावर नेली, घट्ट ओल्या वाळूवर. चांगुणाबाय रोज मासळीच्या पाट्या घेऊन आपल्याच गाडीने जायची, तिच्याकडून जाळ्याची सुताची दोरी मागून आणली. एक टोक तुझ्या हातात, एक माझ्या. पुढचं माप घेऊन गाठ मारली, दोरी वाळूत टाकली, दोघांनी एकेक शहाळं प्यायलं, मग त्याच दोरीने मागचं माप घेतलं. समुद्रावरून छान वारा येत होता. तू गुडघ्यावर बसून माझ्याकडे बघत होतास, भाऊ केवढा शिकून आला, अशा नजरेने. ती नजर मला अजून दिसते, दादा, आणि लाज वाटते.

पंधरा दिवसांतच तू म्हणू लागलास, "वश्या, गाडी सरळ चालायला मागत नाही. सारखी इकडेतिकडे बघते." मी म्हटलं, तू बैलांच्या कासऱ्यासारखं सैल सोडतोस, स्टिअरिंग घट्ट धर. मग टायर झिजले. मी म्हटलं, तू रस्त्याच्या कडेला घासत नेतोस. तू चाक उचलून माझ्यासमोर धरलंस. "आतली कड झिजली आहे रे, बाहेरची शाबूत आहे. कडेला मी आतून घासतो काय?"

एवढं सरळ विचारलंस! मुंबईच्या गॅरेजातल्या दोन वर्षांना याचं उत्तर यायला नको होतं? मी नुसता आवाज चढवला.

आणि मग तो दिवस. तू चालवत होतास, मी शेजारी होतो, आणि बंदर हाकेच्या अंतरावर असताना पुढचा टायर फुटला. आठही उतारू बोचकी घेऊन धक्क्याकडे धावले, पण बोट खाडीत लांब गेली होती. सगळे माझ्यावर चिडले, कारण गाडी बसकी मी केली होती. ते सगळं मी तुझ्यावर ढकललं. भर धक्क्यावर, खलाशी, हमाल, उतारू सगळ्यांच्या देखत म्हणालो, "तुला मोटार चालवता येत नाही, दादा. तू आपली बैलगाडीच हाकायची होतीस."

तू गाडीकडे परत गेलास. चाक बदललंस, गाडी सुरू करायचं हँडल माझ्या हातात दिलंस आणि म्हणालास, "चालव तू." त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाहीस. दोन वर्षं माझ्या शेजारी बसून भोंगा वाजवलास, माणसांना हाका मारल्यास, म्हाताऱ्यांना हाताला धरून चढवलंस. का रे गप्प बसलास? एक ठेवून द्यायचीस कानाखाली! धाकट्या भावाला तेवढा हक्कही दिला नाहीस.

वर मी काय केलं, तर फुशारकी मारली. गाडी माझ्या हातात आल्यापासून टायर एका कडेला झिजेनासे झाले. मी चारचौघांत म्हणायचो, "बघा, गाडी तीच, रस्ता तोच. हात बदलला." तू ऐकत असायचास आणि सुपारी कातरत असायचास.

एकाआड एक सोमवारी मी जेवून लवंडायचो तेव्हा तू अंगणात चाकं उतरवून बसायचास. पहारी घालून टायर काढायचास, ट्यूब तपासायचास. मी विचारलं तर म्हणायचास, काटे बघतोय. मी चिडवायचो, "टायरच्या उवा काढतोयस काय?" तूही हसायचास. घामाने भिजलेला, पाठीला वाळू लागलेला, आणि हसायचास.

दिवाळीनंतर तू चार दिवसांच्या तापात गेलास. घर सुन्न झालं. बाराव्यानंतर मी पुन्हा गाडी काढली, कारण उतारू दारात येऊन उभे राहत होते. दोन महिने गेले आणि एके दिवशी पाहतो तर पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड साफ! आतलं कापड दिसायला लागलं होतं. रस्ता तोच, गाडी तीच, आणि हातही माझाच होता. मी अंगणात डोक्याला हात लावून बसलो. वहिनी धुणं घेऊन बाहेर आली.

"आता कोण उलटे करणार ते?" ती म्हणाली.

"काय उलटे?"

"टायर. एकाआड एक सोमवारी तेच तर करत होते. आतली कड बाहेर, बाहेरची आत. म्हणायचे, वश्याच्या हातात गाडी असताना टायर फुटला तर लोक त्याला बोलतील."

"मला का नाही सांगितलं त्याने?"

"सांगितलं होतं ना, भावजी. ऐकलंत तुम्ही?"

दादा, त्या दिवशी मी मोठ्याने रडलो. तू गेलास तेव्हासुद्धा असा रडलो नव्हतो. ज्या टायरांवर मी मिजास केली, ते तू मला न कळवता सांभाळत होतास!

मग चाकांची लाईन पुन्हा तपासायला ओहोटीला गाडी किनाऱ्यावर नेली. दोरीचं दुसरं टोक धरायला वहिनी आली. पहिलं माप घेतलं, दोरी खाली ओल्या वाळूत ठेवली, तेवढ्यात चांगुणाबाय रिकामी पाटी घेऊन तिथून चालली होती. ती थांबली.

"काय करतंस रं?"

"माप घेतोय."

"भिजल्या दोरीनं? आरं, सूत भिजलं का आखडतं. आमच्यात शेंबडं पोर बी जानतं. मागल्या टायमाला बी असंच केलंस काय?"

मागल्या वेळेलाही असंच केलं होतं! पुढचं माप कोरड्या दोरीने आणि मागचं भिजून आखडलेल्या दोरीने. म्हणून चाकं पुढून फाकली आणि तशीच फरफटत दोन-अडीच वर्षं चालली. मी बांबूची काठी कापून माप घेतलं तर पुढचं अंतर चांगलं अर्धं बोट जास्त निघालं. आठ माणसांच्या वजनाने गाडी आणखी बसते, म्हणून भाताची पोती भरून पुन्हा मापलं. नीट लावलं. त्याआधीच काढलेल्यातला एकेक पाटाही परत घातला होता, म्हणजे भरल्या गाडीचे टायर मडगार्डला घासत नाहीत. बदक अजून बुटकंच आहे. तुला आवडायला लागलं होतं, म्हणून तेवढं ठेवलं.

काम झाल्यावर मी वहिनीच्या पाया पडायला वाकलो. तिने पाय मागे घेतले. "मला नका सांगू. जिथे बोललात तिथे सांगा," म्हणाली.

मी पळवाट काढली. आधी नवे टायर घालू, तीन महिने चालवू, कडा सारख्या राहतात का बघू, मग सांगू. ती हो म्हणाली. तिने मला ओळखलं होतं. या तीन महिन्यांत रोज बंदरावर गेलो. ज्यांनी ते ऐकलं होतं ते हमाल तिथेच असतात, बोटीवरचा खलाशीही तोच आहे. रोज भोंगा वाजवला, माणसं भरली आणि निघालो. अजून आठवड्याभरात बोटी बंद होतील. मग पावसाळाभर धक्क्यावर कुणी नसेल, आणि मी पुन्हा म्हणेन, आता नारळी पौर्णिमेनंतर बघू. मी मला ओळखतो.

म्हणून तुला वचन देतो. उद्या सकाळची बोट धक्क्याला लागली की माणसं गाडीत बसायच्या आधी मी पायरीवर उभा राहीन आणि सांगेन, "माझ्या दादाला मोटार चालवता येत होती. चाकं मी चुकीची लावली होती." चांगुणाबाय हसेल. हसू दे. वहिनीही येणार आहे, पुढे बसणार आहे, म्हणजे मला खाली मान घालून सटकता येणार नाही. आणि आवाज फुटला नाही तर पुन्हा पहिल्यापासून सांगेन, शेवटच्या हमालाला ऐकू जाईपर्यंत.

तुझा,
वश्या