पुढच्या खोलीची कडी

मी, नंदकुमार भाईदास साळवे, वय एक्क्याऐंशी, निवृत्त मराठी शिक्षक, राहणार राजघाटाजवळ, बऱ्हाणपूर, देवाच्या कृपेने पूर्ण शुद्धीत आहे. शाळेतल्या कविता अजून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत म्हणून दाखवतो. शंका असेल त्याने येऊन ऐकावे. मात्र आधी विचारून यावे. हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली लिहिलेले नाही. दबावाखाली जे केले, ते खाली येईलच.

१. राहते घर मुलगी ज्योत्स्ना हिला. माझा धाकटा भाऊ निरंजन, आमच्या चर्चच्या मंडळीचा सेक्रेटरी, याचा त्यात काही हक्क नाही. पुढच्या खोलीची एक किल्ली एकवीस वर्षे त्याच्याकडे आहे. गुरुवारची प्रार्थनासभा, परगावचे पाहुणे, सुनेशी भांडून आलेले सासरे, सगळे आमच्याकडे. मी कुरकुरलो की म्हणे, "दादा, आपण ख्रिस्ती माणसं. दारातल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?" ती किल्ली त्याने माझ्या दफनाआधी ज्योत्स्नाच्या हातात द्यावी.

२. चाळीस कप, मोठी किटली आणि सहा सतरंज्या निरंजनला. सभा आता त्याने स्वतःच्या घरी भरवावी. त्याची बैठक माझ्या खोलीहून मोठी आहे. मी पावलांनी मोजली आहे.

३. माझी कवितांची वही ज्योत्स्नाला. वर्गाच्या खिडकीतून तापी दिसायची, चाळीस मुले एका सुरात कविता म्हणायची, आणि पाणीही थांबून ऐकते आहे असे वाटायचे. असो, भरकटलो. वहीत नदीच्या कवितेच्या पानावर केळीच्या खोडाचा वाळलेला धागा खूण म्हणून आहे. त्या पानाची हकिकत अशी. तीन वर्षांपूर्वी पत्नी निर्मला शेवटच्या आजारात होती. आजाऱ्याच्या खाटेभोवती मंडळीने गीते म्हणायची आमच्याकडे रीत आहे. त्या संध्याकाळी निरंजन किल्ली लावून तीसेक माणसे घेऊन आला. निर्मलाने मला जवळ वाकायला सांगितले.

"यांना जरा जायला सांगा. ती नदीची कविता वाचा. आपण दोघंच."

मी निरंजनकडे पाहिले. तो म्हणाला, "दादा, लोक धूलकोटहून आलेत. चाय तर पाजाल ना?"

आणि मी चहा टाकायला गेलो. किटली घेऊन परतलो तेव्हा ती गेली होती. गीताचे तिसरे कडवे चालू होते.

मला निरंजनचा राग आहे, त्याहून जास्त माझा. प्रभूसुद्धा लोकांना निरोप देऊन एकटाच डोंगरावर जात असे. हे मी रविवारच्या शाळेत वीस वर्षे शिकवले आणि स्वतःच्या घरात एकदाही वापरले नाही.

४. ज्योत्स्नाने लग्न केले नाही, म्हणून तिचा वेळ मंडळीचा, असे कोणी समजू नये. तिने नाही म्हटले तर कारण विचारू नये. नाही म्हटल्यावरही ती ख्रिस्तीच राहील.

५. माझ्या शेवटच्या वेळी खोलीत फक्त ज्योत्स्नाने बसावे आणि खुणेच्या पानावरची कविता वाचावी. मंडळीने गीते चर्चमध्ये म्हणावीत. मोठ्याने म्हणावीत, मला ती आवडतात. निरंजनला यायचे असेल तर त्याने एकट्याने यावे आणि दार वाजवावे.

पुढच्या दाराला आज, गुरुवारी, सकाळी आतून कडी बसवली. हे लिहीत असतानाच निरंजनने किल्ली लावून पाहिली. दार उघडले नाही. "दादा?" अशी हाक आली. मी आतून म्हणालो, "आज नाही. रविवारी ये." मग चपला वाजत दूर गेल्या. सही वळणदार नाही. पण सही माझीच आहे.

नंदकुमार भाईदास साळवे

साक्षीदार, दोघेही विचारून आत आलेले:
१. गोटू सुतार, निंबोला (कडी यानेच बसवली)
२. भूमिका पाटील, शेजारीण

बऱ्हाणपूर, दिनांक १३ फेब्रुवारी २०२५