ब्यागेवरचं नाव

आवं शिवांजलीचे पप्पा,

हे कुठं धाडायचं ठावं न्हाई, तरी लिवते. तुमाला जाऊन वरीस झालं. आता लेक मला जगभर फिरवायला न्हेतीया. चटणी, भडंग, स्वेटर, समदं ब्यागेत भरलंय.

फौजेतनं सुट्टीवर आलात की परत जाताना दरवेळी म्हणायचा, "चल की गं, क्वार्टर मिळतंय." मी म्हणायची, "ऊस जाऊ दे कारखान्याला, मग येते." ऊस दरसाल गेला. मी न्हाई गेले.

काल ब्यागेवर पांढऱ्या रंगानं नाव घातलं, तुमी काळ्या ट्रंकेवर घालायचा तसं. शिवांजलीनं वाकून वाचलं. मग म्हणाली, "आई, हे तर पप्पांचं नाव आहे." बघते तर तुमचंच. आपल्या घरात पेटीवर दुसरं नाव मी कवा बघितलंच न्हवतं. उखाण्याबिगर जे नाव तोंडानं घेतलं न्हाई, ते हातानं लिवून बसले.

ती म्हणाली, "पुसूया." मी पुसू दिलं न्हाई. खाली माझं नाव घातलं.

एकदाचं आपण दोघं एका पेटीवर निघालोय. तिकीट मातर एकाचंच हाय.

येते येते म्हणून ऱ्हायलेली,
तुमची लीला