सहा मिलिमीटर

९ फेब्रुवारी

भोक आहे. मुंगीच्या हृदयात भोक आहे. सहा मिलिमीटर.

आमची मुंगी, दोन महिन्यांचं पोर, दूध पिताना धाप लागते म्हणून दाखवायला नेलं, तर हे निघालं. डॉक्टरबाईंनी रिपोर्टच्या पाठीमागे पेनानं हृदय काढलं. चार खोल्या. वरच्या दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत एक दार असतं — प्रत्येक बाळाला, आईच्या पोटात असेपर्यंत. फुप्फुसांना तेव्हा काम नसतं, म्हणून रक्त त्या दारातून आरपार जातं. मग बाळ बाहेर येतं, पहिला श्वास घेतं, आणि त्या श्वासाच्या जोरावर दार लागतं. पुढे ते चिकटतं आणि तिथे भिंत होते.

"सगळ्यांचं?" मी विचारलं. "बहुतेक सगळ्यांचं," त्या म्हणाल्या. मुंगीचं लागलं नाही, कारण तिच्या दाराची फळी आखूड पडली आहे. फळी हा शब्द माझा. त्यांनी दुसरं काहीतरी लांबलचक सांगितलं होतं.

बावीस वर्षं मी दारं बसवतोय. दुकानांची, शाळांची, दवाखान्यांची. दाराच्या वरच्या कोपऱ्यात तेलाचा क्लोजर असतो ना, दार आपोआप लावणारा, ते आमचं मुख्य काम. आणि हे दार मला माहीतच नव्हतं! अंगावर काटा आला. भीती नंतर वाटली, आधी काटा आला. इथे खोटं कशाला लिहू.

ही रडली नाही. एवढंच म्हणाली, "आता काय करायचं?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "वाट बघायची. वाढता वाढता आपोआप बंद होईल अशी आशा आहे. दीड वर्षापर्यंत नाही झालं, तर ऑपरेशन करून आपण बंद करू."

१० फेब्रुवारी

रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत तो शब्द आहे — क्लोज. 'मे क्लोज' असं लिहिलंय, म्हणजे बंद होऊ शकेल. दिवसातून पन्नास वेळा तोंडात येणारा शब्द, पण कागदावर तीनदा वाचला.

ही शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथल्या लायब्ररीतून जाडजूड डिक्शनरी घेऊन आली. क्लोजला दीड रकाना! दार, डोळे, दुकान, रस्ता, सभा, जखम, दोघांमधलं अंतर, पोलिसांची केस — सगळं त्या एका शब्दात बसवलंय. आपण दार लावतो, डोळे मिटतो, डबा झाकतो, मूठ आवळतो, भेग बुजवतो, सभा आटोपतो. प्रत्येकाला वेगळं हत्यार. इंग्रज म्हणजे आमच्या धंद्यातल्या पार्टनरसारखा, एका स्क्रूड्रायव्हरवर सगळा कारखाना चालवतो.

मग मुंगीच्या भोकाला काय म्हणायचं? ही म्हणाली, "भरून येईल म्हणा." पण भरून येते ती जखम. तिला कुठे कुणी जखम केलीय? बुजेल म्हटलं तर गटाराचं काम वाटतं. शेवटी मिटेल यावर आमचं एकमत झालं.

डिक्शनरीत उदाहरणं दोन प्रकारची आहेत. कुणीतरी काहीतरी बंद करतो, हा एक. आणि ते आपलं आपण बंद होतं, हा दुसरा. हा दुसरा मी बावीस वर्षांत पाहिलेला नाही. आपोआप लागणाऱ्या दारामागे स्प्रिंग असते, तेल असतं, आणि शिडीवर चढलेला मी असतो.

११ फेब्रुवारी

आई म्हणाली, "आमच्या घराण्यात असलं कुणाला नाही." ही तिथेच भांडी पुसत होती. मी पेपर वाचत राहिलो.

१७ फेब्रुवारी

ड्रिलच्या डब्यातून सहा मिलिमीटरची पाती काढली. दिवसभर खिशात होती. सहाचं भोक म्हणजे साध्या खुंटीचं भोक! लाकडात असलं भोक मी डोळे झाकून पाडतो. पण मुंगीचं अख्खं हृदय तिच्या मुठीएवढं, आणि तिची मूठ म्हणजे सुपारी. संध्याकाळी पाती डब्यात टाकली आणि डबा वरच्या फळीवर ठेवून दिला.

२१ मार्च

आज एक गोष्ट बघितली. लिहून ठेवलीच पाहिजे.

मुंगी माझ्या मांडीवर झोपत होती. क्लोजरला दोन स्क्रू असतात. एकानं दाराचा वेग ठरतो, आणि दुसऱ्यानं फक्त शेवटच्या वितीचा, म्हणजे दार आपटत नाही, अलगद टेकतं. तो दुसरा स्क्रू जमायला मला तीन वर्षं लागली. पार्टनरला अजून जमत नाही. तर मुंगीच्या पापण्या — भरकन निम्म्या खाली आल्या, थांबल्या, आणि शेवटचं एवढंसं अंतर अगदी सावकाश गेल्या. टेकल्या. आवाज नाही!

मी वीस मिनिटं हललो नाही. पाय बधिर झाला. तीन महिन्यांचं पोर, आणि दुसरा स्क्रू एकदम अचूक. मला खरंच हात जोडावेसे वाटले. कुणाला ते माहीत नाही.

१८ मे

पाच मिलिमीटर! एकानं कमी. डॉक्टरबाई म्हणाल्या, "फार हुरळून जाऊ नका, मोजण्यातला फरकही असू शकतो." मी हुरळलो.

तपासणीच्या खोलीचं दार धाडकन आपटतं. प्रत्येक वेळी आतलं बाळ दचकतं आणि नर्सला पुन्हा पहिल्यापासून थोपटावं लागतं. खिशात स्क्रूड्रायव्हर होताच. स्टुलावर चढलो, पाव फेरा दिला. डॉक्टरबाई बघतच राहिल्या. "चार वर्षं तक्रार लिहितेय," म्हणाल्या. ही मात्र लाजेनं लाल झाली होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "निदान विचारायचं तरी!"

६ जुलै

मुंगी दवाखान्यात. छातीत कफ, ताप. नाकाला नळी.

९ जुलै

ताप उतरला. वजन घटलं. डॉक्टरबाई स्पष्ट बोलल्या, "असं पुन्हा झालं तर दीड वर्ष थांबता येणार नाही. छाती उघडावी लागेल." बंद करण्यासाठी आधी उघडायचं. मी जिन्यात जाऊन बसलो आणि रडलो. ढसाढसा रडलो.

आई डबा घेऊन आली होती. वॉर्डच्या दारात पुन्हा तेच, "आमच्याकडे सगळे काटक. हे कुठून आलं देव जाणे." ही मुंगीची नळी धरून उभी होती. आई गेल्यावर मला म्हणाली, "तुम्ही कधीतरी बोला ना. मला नका सांगू, त्यांना सांगा."

मी म्हटलं, आता ही वेळ नाही. खरं कारण दुसरंच आहे. मलाही मनातून वाटतं की हे हिच्या माहेरकडून आलं असणार. हिचा मामा लहानपणी गेला, कशानं ते कुणी नीट सांगत नाही. हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. फक्त इथे.

३० जुलै

ही आणि आई, दोघींचं बोलणं आता कामापुरतं. "मीठ द्या." "दार लावून घे."

२ ऑक्टोबर

तीन! या वेळी मोजण्यातला फरक नाही, डॉक्टरबाईंनी दोनदा मोजलं. वजनही वाढलंय. मी विचारलं, आत नेमकं होतं काय? म्हणाल्या, "कडा वाढतात. हृदय स्वतःच स्वतःची भिंत बांधतं. आणि हे सगळं एकीकडे धडधडत असताना."

मिनिटाला सव्वाशे ठोके. एकदाही न थांबता. आम्हाला साधी चौकट दुरुस्त करायची तर दुकान अर्धा दिवस बंद ठेवायला लावतो, येण्याजाण्यावर दोरी बांधतो, पाटी लावतो. पार्टनरला हे सांगितलं. त्यानं पान्हा खाली ठेवला. मग म्हणाला, "आपण उगाच मिरवतो रे."

८ जानेवारी

मिटलं!

पडद्यावर लाल-निळं रक्त पळत होतं. लाल आपल्या खोलीत, निळं आपल्या खोलीत. मधे अखंड भिंत. जिथे भोक होतं तिथे डॉक्टरबाईंनी बोट ठेवलं आणि तिथे काहीच नव्हतं. मी बघत बसलो. त्यांनी यंत्र बंद केलं तरी बघत होतो. कुणी हात लावला नाही, कुणी शिडीवर चढलं नाही. तेरा महिन्यांच्या माझ्या मुलीनं दूध पिता पिता, रांगता रांगता, झोपेत, ते स्वतः मिटवलं. एवढं मोठं काम मी माझ्या जन्मात पाहिलेलं नाही.

ही आता रडली. वर्षभराचं राहिलेलं.

निघताना डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुम्हा दोघांचीही तपासणी करून घेऊ. कधी कधी घराण्यात असतं." घरी आईला सांगितलं. आई म्हणाली, "हिची करा आधी."

१५ जानेवारी

हिची तपासणी झाली. ठणठणीत. काही नाही. आई म्हणाली, "बरं झालं," आणि मुंगीला घेऊन गॅलरीत गेली.

१६ जानेवारी

आज माझी झाली. अकरा मिलिमीटर. जन्मापासून उघडंच आहे, एकोणचाळीस वर्षं. आता ते आपोआप मिटायचं नाही. मुंगीला आलं ते बहुधा माझ्याकडूनच. ही आणि आई स्वयंपाकघरात आहेत, मुंगी दोघींच्या पायात लुडबुडतेय. आत जातो आणि दोघींसमोर सांगतो.