तळ्याकाठचा बंगला

जालना, माघ शुद्ध पंचमी, शके १८५७

तीर्थरूप मायला कचरूचा दंडवत,

माझं बराबर चाललंय, काळजी करू नको. आपल्या गावच्या तळ्याकाठी साहेबलोकांना हवा खायला बंगला व्हावा, म्हणून इथल्या समद्या व्यापाऱ्यांनी सरकारला अर्ज दिलाय. सरकारात उर्दूच चालतं अन् मला ते येतं, म्हणून शेठजींनी तो माझ्याकडूनच लिहून घेतला अन् पेढा दिला. खोलीवर आणून एकट्यानं खाल्ला.

तुझा खोकला कसाय? शेळी व्याली का? इथं जेवताना बोलायला कोणी न्हाई.

वाचून दाखवणाऱ्या गुरुजींना हात जोडून सांगणं, इथून पुढचं मायला वाचू नका. तळ्याकाठी कोणीच राहत न्हाई, असं मी अर्जात लिहिलंय. तिथं आमचंच घर हाय, हे शेठजींपुढं बोलायची हिंमत झाली न्हाई. तिला फक्त विचारा, जालन्याला माझ्यापाशी राहायला येती का. ती न्हाईच म्हणंल. तरी विचारा.

कचरू