ह्यांचं ते पटकन "न्हाय"

मंगळवार, संध्याकाळ

ह्यांचा अंडकोश एका बाजूनं सुजलाय, ताप आहे, पाऊल टाकवत नाही. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी माझ्यासमोरच विचारलं, "बाहेर कुठं संबंध?"

"न्हाय!" फार पटकन म्हणाले. इतकं पटकन का?

मग डॉक्टरांनी जबडा चाचपला. गेल्या आठवड्यात गाल सुजला होता. दाढ समजून आम्ही लवंग लावली. ते गालगुंड होतं म्हणे, त्यातूनच ही सूज. औषध वेदनेपुरतं, बाकी आराम आणि बर्फ. पटलं मला. तरी ते "न्हाय" कानातून जाईना.

रिक्षात ह्यांनी विचारलं, "माझा संशय आलता व्हय तुला?"

मी रिक्षावाल्याला पुढचं वळण दाखवलं.

आता बर्फाची पिशवी माझ्या हातून घेत नाहीत. स्वतःच उठून, लंगडत आणतात.